रात्री रेकॉर्डिंग करताना पीसीची घरघर कशी घालवू?

रात्री सगळे झोपले की मी गोष्टी वाचून रेकॉर्ड करते. माइक टेबलावर, पीसी पायाशी. प्रत्येक विरामात पंख्याची घरघर ऐकू येते. त्याहून वाईट म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला त्याचा आवाज वर चढतो आणि पुन्हा उतरतो. नवीन पीसी जुळवतेय. वॉटर कूलिंग घेऊ का?

उत्तर १
नको. त्यात पंखे असतातच, वर पंपाची बारीक गुणगुण चोवीस तास. प्रोसेसरवर बसणारा मोठा हवेचा कूलर आणि १४० मिमीचे सावकाश फिरणारे पंखे घ्या. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. समोरून जाळीचा केस (पीसीचा डबा) हवा. बंद केसमध्ये हवा कोंडते आणि पंखे जास्त पळतात.

उत्तर २
तो चढ-उतार बायोसमधून (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमधून) जाईल. प्रोसेसरचं तापमान क्षणात १०-१५ अंश उडी मारतं आणि पंखा त्याच्यामागे धावतो. फॅन कर्व्ह (कोणत्या तापमानाला पंख्याचा किती वेग, तो आलेख) ६० अंशांपर्यंत सपाट ठेवा, वेग बदलायला काही सेकंदांचा विलंब द्या. फिरणारी हार्ड डिस्क असेल तर काढाच, एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) लावा.

प्रश्नकर्ती
आजच जुन्या पीसीवर विलंब लावून पाहिला. चढ-उतार थांबला! पण केसवर हात ठेवला की एक बारीक थरथर जाणवते, हात दाबला की आवाज कमी होतो.

उत्तर २
मग ती बहुधा हार्ड डिस्कच. तिच्या स्क्रूंखाली रबरी वॉशर घाला, आणि केस टेबलाला टेकू देऊ नका.