मदत हवी आहे: वेस्टगेटची स्प्रिंग ०.७ ची टाकू की १ बारची? कमी मागितला तर बूस्ट चढतोय, जास्त मागितला तर पडतोय

लॅगग्रस्त:
नमस्कार मंडळी, एरवी नुसता वाचक असतो, पण आता स्वतःचंच घोडं अडलंय म्हणून धागा काढतोय. दोन लिटरचं चार सिलिंडर पेट्रोल इंजिन आहे, टर्बो मूळच्यापेक्षा मोठा टाकलाय, वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला टाळून बाहेर काढणारं गेट) बाहेरचं ३८ मिमीचं, आत ते बंद धरणारी ०.५ बारची स्प्रिंग. गेटला जाणारा दाब कमीजास्त करणारं तीन पोर्टवालं सोलेनॉइड (विजेवरचा व्हॉल्व्ह) आफ्टरमार्केट ईसीयूवरून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरवरून चालतं. मला बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबलेल्या हवेचा दाब) १.२ बार हवाय, त्याहून जास्त हाव नाही.

आता त्रास असा की सोलेनॉइडचा प्लग काढून नुसत्या स्प्रिंगवर गाडी चालवली की ३५०० आरपीएमला व्यवस्थित ०.५ दिसतो आणि मग चढत चढत ६५०० ला ०.७ च्या वर जातो. तेच सोलेनॉइड लावून १.२ मागितला तर ४००० च्या आसपास १.२ येतो, क्षणभर वर पण टोचतो, आणि मग घसरत ६५०० ला जेमतेम ०.९५. बूस्ट क्रीप (गेट उघडूनही बूस्ट चढत राहणं) म्हणावं तर जास्त मागितल्यावर पडतो कसा, आणि स्प्रिंग मऊ म्हणावं तर कमी मागितल्यावर चढतो कसा? डोकं चालेना.

गेटबरोबर ०.७ आणि १ बारच्या स्प्रिंगा पण आल्यात. ट्यून करणारा म्हणतो सरळ १ ची टाक, उरलेला ०.२ सोलेनॉइड झोपेत पण देईल. पण मी सगळीकडे वाचलंय की टार्गेटच्या निम्मी स्प्रिंग असावी, त्या हिशोबाने माझी ०.५ थोडीशीच कमी आहे ना? नक्की काय करू?

नटबोल्ट:
लॉगशिवाय सगळे अंदाजपंचे. वरच्या आरपीएमला बूस्ट पडतो तेव्हा ड्युटी (सोलेनॉइड किती टक्के वेळ चालू असतं ते) किती होती? आणि वेस्टगेटला जाणारी नळी कुठून घेतलीये, टर्बोवरून की मॅनिफोल्डवरून?

लॅगग्रस्त:
६००० च्या पुढे ड्युटी ८८ टक्के, टेबलात कमाल ९० ठेवलीये. नळी कॉम्प्रेसर हाउसिंगच्या निपलवरून, ईसीयूचा प्रेशर सेन्सर मात्र इनटेक मॅनिफोल्डवर. एअर फ्युएलचं प्रमाण ठीक आहे, नॉक (इंधन अवेळी पेटून बसणारा ठोका) दिसत नाहीये.

चौथा गियर:
१ ची टाका आणि विषय संपवा. निम्म्याचा नियम लोक उलटा वाचतात, त्याचा अर्थ निम्म्यापेक्षा कमी नको एवढाच आहे, निम्मीच हवी असा नाही. स्प्रिंग टार्गेटच्या जेवढी जवळ तेवढं गेट उशिरा उघडतं, टर्बो लवकर भरतो, ड्युटी कमी लागते आणि थंडी-उन्हाळ्यात बूस्ट इकडेतिकडे कमी होतो. माझ्याकडे अशीच चालू आहे.

काजळी:
नियमाबद्दल चौथा गियर यांचं म्हणणं बरोबर आहे, पण १ च्या आधी जरा थांबा. लॅगग्रस्त, तुमची दुखणी दोन वेगळी आहेत, एकाच गोळीने दोन्ही बरी करायला जाताय म्हणून गोंधळ होतोय.

पहिलं क्रीपचं. बूस्ट जेवढा कमी हवा तेवढा जास्त एक्झॉस्ट टर्बाइनला न लागता गेटमधून बाहेर काढावा लागतो. कमी बूस्टला छोटं गेट पुरेल असं वाटतं, प्रत्यक्षात उलट आहे, मोठं इंजिन आणि कमी बूस्ट असेल तर गेट मोठं लागतं. तुमचं ३८ चं गेट ६५०० ला पूर्ण उघडलं तरी ०.७ च्या खाली येऊ देत नाहीये, बस एवढंच. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर गेटची नळी कशी जोडलीये ते पण बघा, गॅसच्या वाहत्या दिशेला तिरकी असेल तर ठीक, पण प्रवाहाला काटकोनात किंवा उलटं वळण घेऊन गेटकडे जात असेल तर गॅस सरळ टर्बाइनमध्येच घुसणार. स्प्रिंग बदलून क्रीप बरा होत नाही, पण ०.७ ची टाकलीत तर तुम्हाला तो दिसणारच नाही, कारण गेटला जिथे दम लागतो तिथूनच तुमचा किमान बूस्ट सुरू होईल.

दुसरं, वर पडण्याचं. गेटमधल्या डायफ्रॅमला (व्हॉल्व्ह हलवणारा पडदा) खालून दाब मिळाला की गेट उघडतं. तीन पोर्ट सोलेनॉइड काय करतं तर डायफ्रॅमच्या खालच्या पोर्टला जाणारं प्रेशर अडवून ते बाहेर सोडतं. ड्युटी ८८-९० ला नेली म्हणजे खालून जवळपास काहीच दाब नाही, गेट बंद धरायला राहिली एकटी स्प्रिंग. आणि पलीकडून टर्बाइनच्या आधीचा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडावर ढकलतोय. ३८ मिमी व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ साधारण ११ चौरस सेंटिमीटर, एक्झॉस्ट बॅकप्रेशर १.५ बार धरलं तर १७ किलोच्या आसपास जोर झाला. वाऱ्यात दार पाठीने दाबून धरलंय आणि वारा वाढतच चाललाय असा प्रकार. ड्युटी १०० केली तरी पाठीत आहे तेवढाच जोर राहणार. म्हणून वरच्या आरपीएमला मऊ स्प्रिंग हरते. म्हणजे कमी बूस्टला गेट कमी पडतंय आणि जास्त बूस्टला स्प्रिंग, दोन्ही एकाच गाडीत खुशाल होऊ शकतं.

नटबोल्ट:
+१. त्यात एक भर. नळी कॉम्प्रेसरवर आणि सेन्सर मॅनिफोल्डवर म्हणजे मधला इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) हिशोबातून सुटलाय. गेटला कॉम्प्रेसरचं प्रेशर कळतं, लॉगमध्ये मॅनिफोल्डचं. हवा जेवढी जास्त तेवढा इंटरकूलर आणि पाइपिंगमध्ये दाब जास्त पडतो, त्यामुळे गेटने आपलं काम चोख केलं तरी लॉगमध्ये वर घसरण दिसणारच. नळी कॉम्प्रेसरवरच राहू द्या, तिथला सिग्नल लवकर पोचतो, थ्रॉटलच्या मागे नेऊ नका. फक्त एकदा दुसरा गेज कॉम्प्रेसर आउटलेटला लावून फरक मोजा. आणि क्लॅम्प, कपलर बघून घ्या, १ बारच्या पुढे उघडणारी गळती खाली कधीच दिसत नाही.

चौथा गियर:
हे सगळं पटलं, तरी १ ची का नको ते कुणी सांगितलंच नाही.

काजळी:
सांगतो. स्प्रिंगचा आकडा म्हणजे ज्याच्या खाली तुम्हाला कधीच जाता येणार नाही तो बूस्ट. कंट्रोलर वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. उद्या इंधन खराब मिळालं, इनटेक तापला, ईसीयूला नॉक दिसला तर तो काय करणार, सोलेनॉइड बंद करून स्प्रिंगवर सोडणार. तेव्हा १ ची स्प्रिंग असेल तर गाडी तशा अवस्थेत पण १ बार दाबत राहणार. तुमचं इंजिन आतून मजबूत असेल आणि १ बारला इग्निशनमध्ये भरपूर मार्जिन ठेवलं असेल तर टाका बिनधास्त. लॅगग्रस्त यांनी इंजिनचं काहीच सांगितलेलं नाही, म्हणून मी ०.७ म्हणतोय. सर्वात वाईट दिवशी इंजिनला जेवढा बूस्ट झेपेल त्यावरून स्प्रिंग निवडायची, टार्गेटवरून नाही. टार्गेट फक्त एवढं बघायला की ते स्प्रिंगच्या दुपटीच्या पुढे जायला नको.

लॅगग्रस्त:
इंजिन आतून मूळचंच आहे, पिस्टन-रॉड काही बदललेलं नाही. मग ०.७ च. चार पोर्ट सोलेनॉइड घेऊन ०.५ च ठेवली तर? वरून पण दाब देता येतो म्हणतात.

काजळी:
येतो ना, डायफ्रॅमच्या वरच्या बाजूला बूस्ट दिला की तो स्प्रिंगला मदत करतो, मग दुपटीच्या पुढे पण जाता येतं. पण तुम्हाला १.२ च हवाय, त्यासाठी एवढी नळ्यांची गुंतागुंत कशाला. चार पोर्टला ड्युटीत थोडा बदल केला तरी बूस्ट भसकन वर जातो, ट्यून करणाऱ्याचा घाम निघतो.

धूरकट:
स्प्रिंग बदलताना एक काळजी घ्या. टोपणाखाली स्प्रिंग दाबलेली असते, सगळे बोल्ट एकदम काढलेत तर टोपण तोंडावर येईल. समोरासमोरच्या दोन भोकात लांब बोल्ट टाकायचे, बाकीचे काढायचे आणि मग दोन्ही थोडे थोडे सोडत यायचं. परत बसवताना डायफ्रॅमची कड खाचेत नीट बसलीये ना, कुठे दुमडली नाही ना बघा, चिमटा बसला तर तो फाटतो आणि फाटला की गेट उघडतच नाही, बूस्ट थेट आभाळात. बसवल्यावर रेग्युलेटर लावून खालच्या पोर्टला हळूहळू हवा द्या आणि कितीला व्हॉल्व्ह हलायला लागतो ते बघा. कॉम्प्रेसर टाकीचं पूर्ण प्रेशर चुकूनही देऊ नका. आणि दुसऱ्या कुणाची स्प्रिंग उसनी घेऊ नका, तीच स्प्रिंग ४५ च्या गेटमध्ये वेगळा बूस्ट देते, रंग सारखा असला तरी.

नटबोल्ट:
आणि सर्वात महत्त्वाचं राहिलं. ड्युटी टेबल आधी शून्य करा!! ०.५ साठी भरलेली ८८ टक्के ड्युटी ०.७ च्या स्प्रिंगवर तशीच चालवलीत तर पहिल्यांदा पूर्ण थ्रॉटल देऊन पळवताच गेज कुठे जाईल सांगता येत नाही. ईसीयूत ओव्हरबूस्ट कट १.३५ ला लावा, नळी निसटली तरी तो वाचवतो. आधी नुसत्या स्प्रिंगवर लॉग, मग ड्युटी थोडी थोडी वाढवत. क्लोज्ड लूप (ईसीयूने बूस्ट बघत स्वतःच ड्युटी बदलणं) एवढ्यात चालू करू नका, टेबल नीट नसताना तो फक्त हेलकावे खातो.

लॅगग्रस्त:
अपडेट. ०.७ ची बसवली, बेंचवर ०.६५ च्या जरा पुढे हलायला लागते. नुसत्या स्प्रिंगवर ०.७ धरतो आणि अगदी शेवटी ०.७५, काजळी म्हणाले तसंच. ड्युटी वाढवत वाढवत ५८ ला १.२ मिळाला, टोचणं पण गेलं. ६५०० ला अजून १.१ दिसतो, पण कॉम्प्रेसर आउटलेटवर गेज लावला तर तिथे १.२ च्या वर आहे. म्हणजे उरलेलं इंटरकूलर खातोय असं समजू का?

नटबोल्ट:
हो, तेवढा फरक चालतो. ६००० च्या पुढच्या खान्यांत ड्युटी ४-५ टक्के वाढवा, मॅनिफोल्डला १.१५ आला की थांबा. नंतर क्लोज्ड लूप चालू करा, गेन (तो किती जोरात दुरुस्ती करतो ते) एकदम कमी ठेवून.