डिझेलला एअर-फ्युएल गेज लावून खरंच उपयोग होतो का?

घाटवाटा:
नमस्कार मंडळी, माझी जुनी बोलेरो आहे, 2523 सीसीचं डीआय टर्बो, मेकॅनिकल पंपवालं. पंप नुकताच बांधून घेतला, पंपवाल्याने डिझेल थोडं वाढवून दिलंय, पिकअप मस्त आलाय पण ताम्हिणी चढताना तिसऱ्याला दाबली की मागे नुसता काळा धूर. म्हणून वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा-डिझेलचं प्रमाण सांगणारा) आणि गेज लावायचं मनात आहे. पेट्रोलवाले 14.7 चा रेशो (वजनाने एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा) बघतात, मग डिझेलला काय धरायचं? आणि सेन्सर टर्बोच्या आधी की नंतर?

पंपलाइन:
14.7 डोक्यातून काढा. डिझेलला पेट्रोलसारखा हवा अडवणारा थ्रॉटल नाही, पाय दाबला की डिझेल वाढतं, म्हणून रेशो सारखा पळत असतो. आयडलला 60 च्याही वर जातो, बरेच गेज 20 च्या आसपासच संपतात, तेव्हा काटा टोकाला चिकटला तर घाबरू नका. तुम्हाला बघायचाय तो घाटातला फुल लोडचा आकडा. 20 च्या जवळ असला तर छान, 18 च्या खाली धूर दिसायला लागतो, 16 म्हणजे डिझेल वाया आणि इंजिन तापतंय. लॅम्बडा (इंधन पुरतं जळायला नेमकी लागते त्याच्या किती पट हवा आहे तो आकडा) दाखवणारा गेज मिळाला तर तोच घ्या, 1.3 च्या वर ठेवा. नॅरोबँड सेन्सर अजिबात नको, तो फक्त लॅम्बडा 1 च्या आसपासचं सांगतो आणि नीट चालणारं डिझेल इंजिन तिथे येतच नाही.
सेन्सर टर्बोच्या नंतरच, आधी लावला तर प्रेशरमुळे रीडिंग चुकतं आणि उष्णतेने सेन्सर जातो. पाइपला वरच्या अंगाने तिरका बसवा, खालून लावला की पाणी साचून आतलं सिरॅमिक तडकतं. आणि इंजिन चालू असेल तोवर सेन्सरच्या आतल्या हीटरला सप्लाय पाहिजेच, नाहीतर काजळी धरते.

चढणीचा_गडी:
माझं मत वेगळं, आधी ईजीटी गेज (एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा) लावा. पिस्टन वितळतो तो तापमानाने, रेशोच्या आकड्याने नाही. के टाइप थर्मोकपल (त्याचा तापमान मोजणारा सेन्सर) टर्बोच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, आणि लांब चढाला साधारण 700 अंशांच्या वर सलग जाऊ देऊ नका. भोक पाडताना मॅनिफोल्ड उतरवूनच पाडा हो, कीस टर्बोत गेला तर पंख्याची पाती गेलीच समजा.

पंपलाइन:
ईजीटी हवाच, मान्य. पण तो सावकाश चढतो, टर्बो उठायच्या आधी डिझेल जास्त पडतंय हे रेशोवाला लगेच दाखवतो आणि यांचा धूर नेमका दाबल्या दाबल्याच आहे. पंप सेट करायला तोच कामाचा.

घाटवाटा:
म्हणजे पंप सेट होईपर्यंत रेशोवाला आणि कायमचा ईजीटी, असं करू का?

चढणीचा_गडी:
हो, तसंच करा. पण पैसे घालायच्या आधी एअर फिल्टर बघा आणि टर्बोपासून इनटेकपर्यंतचे होज, क्लॅम्प हाताने चाचपून घ्या. होज फाटला असेल तर हवाच कमी पडते, मग पंप कितीही कमी केला तरी धूर राहतो आणि पिकअप फुकट जातो.