मदत हवी आहे: ऑक्टाव्हिया आरएस २४५ ला रुंद रिम-टायर, कोकणातल्या रस्त्यांसाठी कुठलं माप घ्यावं?

आरेवारेकर

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीहून लिहितोय. गाडी स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २४५, भारतात २०२० साली दोनशेच आल्या होत्या त्यांतली एक. मी दुसरा मालक. २४५ पीएस, ३७० न्यूटन-मीटर, आणि ही सगळी ताकद फक्त पुढच्या दोन चाकांवर. मूळ टायर २२५/४० आर १८ (रुंदी २२५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ४० टक्के, रिम १८ इंची). रिमच्या आतल्या बाजूला ७.५जे x १८ ईटी ५१ असं कोरलेलं आहे (७.५ इंच रुंद; ईटी म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे मिमी). पीसीडी (बोल्टांच्या भोकांचं वर्तुळ) ५ x ११२, मधलं भोक ५७.१ मिमी.

टायर बदलायला झालेत. एका रिमला मागच्या पावसाळ्यात खड्ड्यात मार बसला होता. सरळ करून घेतला, पण ८० च्या पुढे स्टिअरिंगला अजून थरथर येते. त्यामुळे आता रिमसकट सगळा संचच बदलावा असं मनात आहे, आणि बदलतोच आहे तर थोडा रुंद घ्यावा. गाडी दिसायलाही भरदार दिसते, हे मला मनापासून आवडतं. पण खरं कारण आंबा घाट. वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दिला की पुढची चाकं फिरायला लागतात, पावसात तर फारच. कामासाठी कोल्हापूरला नेहमी जावं लागतं, म्हणून हा प्रश्न शौकापुरता नाही.

बाकीचा वापर सांगतो म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. रोजचं जाणं-येणं आरे-वारेच्या रस्त्यानं, समुद्राला लागून. गाडी उघड्यावर उभी असते, वर नारळ आहेत म्हणून शेडही घातली नाही. घराकडे वळणारा शेवटचा तुकडा जांभ्याचा, चिऱ्यांच्या कडा वर आलेल्या. महामार्गावर संगमेश्वरच्या बाजूला जाताना डायव्हर्जन लागतं, डांबर आणि काँक्रीट जिथे जुळतं तिथे पायरीच असते. एप्रिल-मेमध्ये मागे तीन माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या.

दोन पर्याय समोर आहेत. एका दुकानदाराचं म्हणणं, ८.५जे x १८ ईटी ३५ घ्या, त्यावर २४५/४० टायर, "बिनधास्त बसतात". दुसरीकडे ८जे x १८ ईटी ४५ आणि २३५/४० मिळतंय. ईटी कमी झाला की चाक बाहेर येतं एवढं कळतं, पण नेमकं किती येईल, मडगार्डला घासेल का, शॉकअपला लागेल का, हे मला ठरवता येत नाही. रुंद टायरनं पावसात पकड खरोखर वाढते का, हेही कुणीतरी नीट सांगा. आणि खाऱ्या हवेत या अलॉयचं काय होतं?

फोटो बघून "झकास दिसेल" असं सांगणारे खूप भेटले. मला आकडे हवे आहेत.

अभियंता_चिपळूण

आकडे हवेत असं म्हणालात, बरं वाटलं. हिशोब अवघड नाही. रिमची रुंदी जितकी वाढते त्याची निम्मी बाहेर जाते आणि निम्मी आत. ईटी जितका कमी होतो तितकं अख्खं चाक बाहेर सरकतं.

तुमचा मूळ ७.५जे ईटी ५१. ८जे म्हणजे अर्धा इंच जास्त, १२.७ मिमी, त्याचे निम्मे ६.३५. ईटी ५१ वरून ४५, म्हणजे ६ मिमी बाहेर. बाहेरची कड १२.३५ मिमी पुढे आली. आतली कड ६.३५ उणे ६, म्हणजे जेमतेम ०.३५ मिमी शॉकअपकडे गेली. आतल्या बाजूचा प्रश्न मिटला.

आता ८.५जे ईटी ३५. एक इंच जास्त, निम्मे १२.७. ईटीचे १६. बाहेरची कड २८.७ मिमी बाहेर! जवळजवळ तीन सेंटीमीटर. आतून उलट ३.३ मिमी मोकळीक मिळते, म्हणून दुकानात गाडी जॅकवर असताना सगळं छान फिरतं आणि "बसलं" असं म्हणतात. गाडी खाली घेऊन, मागे माणसं बसवून, गतिरोधकावरून नेली की मडगार्डची कड टायर कापायला लागेल.

उंचीही बघा. २२५/४० आर १८ चा व्यास ६३७.२ मिमी. २३५/४० चा ६४५.२, म्हणजे सव्वा टक्का मोठा, चालतं. २४५/४० चा ६५३.२, अडीच टक्के मोठा, आणि तो तीन सेंटीमीटर बाहेर आलेल्या रिमवर. हा पर्याय सोडून द्या.

मडगार्डपाशी जागा किती आहे ते ओळंब्यानं मोजा. गाडी सपाट जागी उभी करा, गवंड्याकडचा ओळंबा मडगार्डच्या कडेवरून चाकाच्या बरोबर मध्यावर सोडा, आणि दोरी ते टायरचा फुगवटा हे अंतर घ्या. पुढे-मागे, दोन्ही बाजूंना. डाव्या-उजव्यात दोन-तीन मिमी फरक निघतो, तो बघून घाबरू नका.

घाटवाट

पावसाच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण इथे गैरसमज फार आहे.

हवा तेवढीच आणि गाडीचं वजन तेवढंच असेल तर रुंद टायरचा रस्त्याला टेकणारा ठसा फारसा मोठा होत नाही, त्याचा आकार बदलतो. आडवा रुंद होतो, लांबीला आखूड. कोरड्या वळणात याचा फायदा मिळतो. साचलेल्या पाण्यात मात्र टायरला समोरचं जास्त रुंदीचं पाणी बाजूला सारायचं असतं आणि ते सारायला लांबी कमी मिळते. त्यामुळे पाण्यावर तरंगणं लवकर सुरू होतं. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो, तेव्हा हा मुद्दा पुस्तकी नाही.

नुसत्या ओल्या डांबरावर रबराचं मिश्रण आणि खाचांची खोली हेच जास्त बोलतं. चांगल्या कंपनीचा, ओल्या पकडीला वरची श्रेणी असलेला २२५ चा टायर हा मध्यम दर्जाच्या २४५ पेक्षा आंबा घाटात तुम्हाला केव्हाही जास्त सांभाळेल. कायद्यानं खाच १.६ मिमीपर्यंत चालते, पण कोकणच्या पावसाळ्यात मी ३ मिमीच्या खाली टायर ठेवत नाही. जूनच्या आधी बदलतो, सप्टेंबरात नाही.

पुढची चाकं फिरतात त्याला एक कारण तुमचा सध्याचा झिजलेला टायर आहेच. दुसरं असं, की ईटी फार कमी केला तर पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं वाटतं आणि खड्ड्याचा धक्का थेट हातात येतो. घाट सुधारायला जाल आणि स्टिअरिंग बिघडवून बसाल. बेअरिंगवरचा ताणही वाढतो तो वेगळाच.

आरेवारेकर

दोघांचेही आभार. दुकानदाराचा पर्याय बाद केला. शेजारी घराचं काम चालू आहे, तिथल्या गवंडीकाकांकडून ओळंबा आणला. पुढे फुगवट्यापासून १४ मिमी, मागे १७ मिमी जागा आहे. ८जे ईटी ४५ घेतला तर पुढे दीड-दोन मिमी उरतात असं दिसतंय. हे पुरेसं आहे का? २३५/४० सध्याच्याच रिमवर चढवला तर?

अभियंता_चिपळूण

सध्याच्या रिमवर नको. २३५/४० आर १८ ला किमान ८जे रिम लागतो, ७.५ वर तो फुगून बसतो आणि वळणात बाजू लोळते.

दीड-दोन मिमी कागदावर पुरतात, कारण चाक वर जाताना वरून थोडं आत कलतं. पण पूर्ण स्टिअरिंग वळवून, एक चाक पायरीवर चढवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आपल्याकडे शाडूची माती सहज मिळते, तिचा पातळ थर आतल्या लायनरला आणि मडगार्डच्या कडेला चिकटवा. डिकीत पेट्या भरा, माणसं बसवा, घराच्या उतारावरून रिव्हर्समध्ये स्टिअरिंग पूर्ण तोडून घ्या. माती पुसली गेली तर कुठे लागतंय ते आपोआप दिसेल.

कुडाळचो_झील

आरेवारेकरानू, मी जरा वेगळा सांगतंय, वायच ऐका.

माझा मत: १८ सोडा, १७ वर या. गाडी समुद्राकाठी, घराकडे जांभा, महामार्गावर पायऱ्या. अशा ठिकाणी ४० ची साइडवॉल (टायरची बाजू) म्हणजे ९० मिमी रबर. २३५/४५ आर १७ घेतलात तर १०५ मिमीच्या वर जाते. व्यास ६४३.३, मूळ मापापेक्षा एकच टक्का जास्त. रुंदी तुम्हाला हवी तीच, २३५. रिम ७.५जे चालतो. ईटी ४५ मिळाला तर चाक ६ मिमी बाहेर, टायरच्या रुंदीचे ५, एकूण ११. तुमच्या १४ मध्ये तीन मिमी शिल्लक राहतात आणि आतल्या बाजूला काही जात नाही.

तुमचा वाकलेला रिम हेच सांगतोय. रुंद रिमवर ताणलेला आखूड टायर खड्ड्यात गेला की पहिला मार रिमच्या ओठावर बसतो. आमच्या आंबोलीच्या रस्त्याला पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली असतो, दिसतच नाही. तिथे ते दीड सेंटीमीटर रबर लाखमोलाचं.

एकच अडचण: आरएसचे पुढचे ब्रेक मोठे आहेत. १७ चा प्रत्येक रिम कॅलिपरवरून (ब्रेकच्या जबड्यावरून) जात नाही. नुसता आतला व्यास बघून चालत नाही, रिमची काडी (स्पोक) कशी वळली आहे तेही बघावं लागतं. चाक काढून कॅलिपरचा पुठ्ठ्यावर छाप घ्या, तो कापून रिमच्या आत फिरवून बघा. सगळीकडे किमान ३ मिमी मोकळं हवं.

सागरगोटा

१७ दिसायला लहान वाटतील हे खरं, पण कुडाळकरांशी सहमत. थोडी कागदपत्रांची भर घालतो. टायरचा भार निर्देशांक मूळपेक्षा कमी घेऊ नका. मूळ ९२ असेल तर एका टायरला ६३० किलो. २३५/४५ आर १७ मध्ये ९४ म्हणजे ६७० किलो सहज मिळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मनमानी बदलांना परवानगी नाही, मडगार्डबाहेर आलेलं चाक तर आधी नजरेत भरतं. विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच ठेवा. अपघाताच्या दाव्यात वाद नको.

टायर घेताना बाजूचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. चारही एकाच वेळचे घ्या. या गाडीत पुढच्या डिफरेन्शियलला (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाला) इलेक्ट्रॉनिक लॉक आहे, डाव्या-उजव्या टायरच्या झिजेत मोठा फरक त्याला मानवत नाही.

आरेवारेकर

कुडाळकर, १७ चा विचार मी केलाच नव्हता. साइडवॉलचा मुद्दा पटला, आणि रुंदी तर तीच मिळतेय. कॅलिपरचा पुठ्ठा कापून तयार ठेवलाय. एक रिम ७.५जे x १७ ईटी ४५ मिळतोय, पण त्याचं मधलं भोक ६६.६ आहे, माझ्या हबचं ५७.१. दुकानदार म्हणतो बोल्ट आवळले की मध्य आपोआप जुळतो. आणि जुनेच बोल्ट चालतील असंही म्हणतो. या दोन गोष्टींवर मन थांबलंय.

अभियंता_चिपळूण

थांबलात ते योग्यच केलंत. धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

ऑक्टाव्हियाच्या मूळ बोल्टचं बूड गोल असतं, चेंडूच्या भागासारखं. बाहेरच्या बहुतेक अलॉयमध्ये बसायची जागा ६० अंशाच्या शंकूची असते. गोल बोल्ट शंकूत आवळला तर तो एका बारीक वर्तुळावर टेकतो. पाना "टक" म्हणेल, घट्ट झाल्यासारखं वाटेल, आणि काही किलोमीटरनंतर तो सैल पडेल. घाट उतरताना हे व्हायला नको. रिमच्या जागेत बघा: सरळ उतार दिसला तर शंकूचे बोल्ट घ्या, वाटीसारखी खोल गोलाई दिसली तर गोल बोल्ट. आटे एम १४ x १.५. लांबी अशी हवी की हाताने फिरवताना हबमध्ये किमान सात फेरे जातील, पण मागच्या बाजूला कुठे टेकणारही नाही इतकीच.

मधल्या भोकासाठी ६६.६ ते ५७.१ ची रिंग घालाच. ती नसेल तर बॅलन्सिंग करूनही तीच ८० ची थरथर परत येईल. पक्क्या प्लास्टिकची घ्या. अ‍ॅल्युमिनियमची रिंग खाऱ्या हवेत हबच्या लोखंडाशी अशी धरते की पुढच्या वेळी चाक निघता निघत नाही.

कुडाळचो_झील

अगदी बरोबर. समुद्राकाठच्या गाड्यांत मी हे नेहमी बघतो. अलॉयचं म्हणाल तर रंगावर दगडाचा ओरखडा आला की खारी हवा तिथून लेपाखाली शिरते आणि पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. पॉलिश केलेला चकचकीत चेहरा घेऊ नका, पूर्ण रंगवलेला घ्या. आठवड्याला गोड्या पाण्यानं आतून-बाहेरून धुवा, आरे-वारेच्या रस्त्यावर वाळू उडते ती आत साठते.

बसवताना आधी हबचा गंज तारेच्या ब्रशनं घासून काढा. हबच्या तोंडाला कॉपर ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, पण बोल्टच्या आट्यांना आणि शंकूला ग्रीस लावू नका, नाहीतर टॉर्कचा आकडा खोटा येतो. न्यूमॅटिक गननं शेवटचं आवळू देऊ नका. चाक जमिनीला टेकवून टॉर्क पान्यानं १२० न्यूटन-मीटर, चांदणीच्या क्रमानं. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून गाडी गार झाली की परत १२० तपासा. मग अलाइनमेंट, आणि हवा भरल्यावर गाडीच्या पडद्यावर टायर प्रेशरची नोंद नव्यानं साठवा, नाहीतर दिवा लागून राहील.