मदत हवी आहे : पॅलडिनने (शपथबद्ध योद्ध्याने) शब्द दिला, रोगने (rogue, म्हणजे चोरट्या पात्राने) मोडला. शपथ कुणाची तुटली?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून पात्रं वठवायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतोय, डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा) मी आहे. आमच्या पॅलडिनची शपथ डिव्होशनची (निष्ठेची), म्हणजे खोटं बोलायचं नाही, दिलेला शब्द पाळायचा, शत्रूलाही दया दाखवायची (पण डोकं वापरून). गेल्या सेशनला एक गॉब्लिन (खेळातला बुटका राक्षस) शरण आला. पॅलडिन त्याला म्हणाला, "वाट दाखव, जिवंत सोडतो." गॉब्लिनने वाट दाखवली. रात्री पहाऱ्यावर असलेल्या रोगने त्याचा गळा चिरला. पॅलडिन झोपलेला होता.

आता टेबलावर दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, शब्द पॅलडिनचा होता, तेव्हा बंदिवानाची जबाबदारीही त्याचीच. दुसरा म्हणतो, त्याने स्वतः काहीच केलेलं नाही, मग शिक्षा कसली?

तिसऱ्या आवृत्तीत जाणूनबुजून दुष्कृत्य केलं की पॅलडिनच्या शक्ती जायच्या, आणि अधर्मी लोकांसोबत फिरायलाही बंदी होती. पाचवीत ती सोबतीची अट नाही, अलाइनमेंटचीही (पात्र नीतीने चांगलं की वाईट, याचीही) नाही. शपथ मोडली तर प्रायश्चित्त आहे. ओथब्रेकर (शपथ मोडून दुष्ट झालेला पॅलडिन) वगैरे फार पुढची गोष्ट. तिथवर मला जायचंच नाहीये.

शक्ती काढून घेणं मला बालिश वाटतं, खेळणाऱ्याचा विरस होतो. पण काहीच झालं नाही तर शपथ नुसती शोभेची. गॉब्लिनच्या टोळीला हे कळलं, आता पॅलडिनच्या शब्दावर कुणी शरण येत नाही, असं केलं तर? की रोगला जाब विचारणं हीच त्याची परीक्षा ठेवू? त्यातून खेळाडूंतच खरं भांडण होईल, ही भीती आहे.

तुमच्या टेबलावर असं झालं तेव्हा काय केलंत?