'युरोपनं भूतकाळ म्युझियममध्ये ठेवलाय' म्हणणाऱ्यांनी एकदा बेलफास्टला जाऊन यावं

मुक्ताई:
परवा इथंच 'स्पष्टवक्ता' यांची जर्मनी-फ्रान्स ट्रिपवरची पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. म्हणणं काय, तर तिकडच्या लोकांनी इतिहास काचेच्या पेटीत ठेवलाय, तिकीट काढायचं, बघायचं, बाहेर येऊन कॉफी प्यायची, आणि आपण मात्र तीनशे वर्षांपूर्वीच्या लढाया रोज नव्यानं लढतो. खाली लाइक्सचा पाऊस. अहो, म्युझियमं बघत फिरलात म्हणून सगळं म्युझियममध्ये दिसलं.

ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला जा. फॉल्स रोडला कॅथलिक, शँकिल रोडला प्रोटेस्टंट आणि मध्ये भिंत. खाली काँक्रीट, वर पत्रा, त्याच्याही वर जाळी, दुमजली घरं तिच्यापुढे ठेंगणी दिसतात. बर्लिनची भिंत 1989 ला पडली, इथल्या भिंती 1969 पासून उभ्या आहेत, आणि दोन्ही बाजूंमधली हिंसा थांबवणारा 1998 चा गुड फ्रायडे करार झाल्यावर त्या कमी व्हायच्या सोडून कित्येक ठिकाणी नव्या झाल्या. काही फाटकं अजून रात्री बंद करतात.

तिथं बॉम्बे स्ट्रीट नावाची गल्ली आहे, शेजारीच काश्मीर रोड. ऑगस्ट 1969 मध्ये जमावानं ही बॉम्बे स्ट्रीट जाळली, लोकांनी परत बांधली, आणि आता त्या घरांची मागची बाजू थेट भिंतीला लागून आहे. मागच्या अंगणावर लोखंडी जाळीचा पिंजरा, कारण पलीकडून काय येऊन पडेल सांगता येत नाही. मी गेले तेव्हा एका पिंजऱ्यात दोरीवर शाळेचे शर्ट वाळत होते. ते शर्ट घालणाऱ्या पोराचा जन्म करारानंतरचा असणार ना?

दर 12 जुलैला ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेचे बँड वाजत निघतात, आदल्या रात्री लाकडी पॅलेट रचून इमारतीएवढ्या होळ्या पेटवतात, कितीदा वर आयर्लंडचा झेंडा लावून. कशासाठी, तर 1690 मध्ये प्रोटेस्टंट राजानं कॅथलिक राजाविरुद्ध बॉइनची लढाई जिंकली म्हणून. 1690 ला आपले राजाराम महाराज जिंजीत होते!

स्पष्टवक्ता:
ताई, माझी पोस्ट जर्मनी-फ्रान्सवर होती, तुम्ही तिसऱ्याच देशातलं एक शहर उचलून मला उत्तर देताय. स्ट्रासबर्ग 1871 ला जर्मनीकडे, 1918 ला फ्रान्सकडे, 1940 ला परत जर्मनीकडे, 1944 ला परत फ्रान्सकडे. एकाच घरातल्या आजोबांनी एका सैन्यात लढायचं आणि नातवानं दुसऱ्या. आज तिथून ट्राममध्ये बसलं की ऱ्हाइन ओलांडून जर्मनीतल्या केलला उतरतो आपण. 2017 पासून ही ट्राम पार तिकडे जाते. बायका पिशव्या घेऊन पलीकडे बाजार करायला चालल्या होत्या, मी त्याच डब्यात उभा होतो. हे घडू शकतं एवढंच माझं म्हणणं. आणि तुमच्या उत्तर आयर्लंडच्या भांडणात तीस वर्षांत साडेतीन हजारांवर माणसं मेली, ते थांबलं की नाही? ते काहीच नाही का?

लगान_काठी:
मी बेलफास्टलाच राहते, हॉस्पिटलमध्ये नोकरी, म्हणून दोघांनाही सांगते. मुक्ताई, भिंत बघून टॅक्सीनं परत जाणाऱ्याला वाटतं की लगेच पाडायला पाहिजे, पण पाडू नका म्हणणारे बरेच जण भिंतीला लागूनच राहतात. माझ्या वॉर्डातल्या एक आजी म्हणाल्या, ती आहे म्हणून मला झोप लागते. त्यांना काय सांगणार तुम्ही? सरकारनं 2013 मध्ये जाहीर केलं होतं की 2023 पर्यंत सगळ्या भिंती काढू. 2023 येऊन गेलं.

आणि स्पष्टवक्ता, ट्राम ठीक आहे, शाळेचं काय? इथं दोन्हीकडची पोरं मुद्दाम एकत्र शिकवणाऱ्या शाळांत शंभरातली जेमतेम सात-आठ मुलं आहेत. पहिली अशी शाळा, लगान कॉलेज, 1981 ला निघाली, म्हणजे चाळीस वर्षं उलटून गेली. बाकीच्यांना शाळेचं नाव विचारलं की माणूस कुठल्या बाजूचा ते कळतं. माझी कलीग नवीन माणसाला आधी तेच विचारते, आणि तिला स्वतःला ते लक्षातही येत नाही.

एक राहिलंच. 2024 च्या ऑगस्टमध्ये इथं परदेशी लोकांची दुकानं जाळली. आम्हाला त्या आठवड्यात एकटीनं घरी जायची भीती वाटत होती. आमचा ना कॅथलिकांशी संबंध ना प्रोटेस्टंटांशी, पण जमाव जमवायची सवय या गल्ल्यांना आधीपासून आहे, ती आमच्यावर निघाली.

बोरिवली_लोकल:
शाळेचं नाव विचारतात म्हणे. आम्हाला पुण्यात फ्लॅट बघताना आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग घरात काय शिजतं ते विचारलं, आणि मग मालक म्हणाले की आता द्यायचा विचार नाही. भिंत बघायला एवढं विमानाचं भाडं कशाला घालवायचं?

राजगडवेडा:
सगळं राहू दे. मुक्ताई, तुम्ही टाकलेल्या फोटोत त्या भिंतीवर मार्करनं नावं लिहिलीत आणि त्यात मराठीतही काहीतरी दिसतंय. आपले लोक तिथं जाऊनही हेच करणार? आम्ही दर पावसाळ्याआधी गडावर जाऊन बुरुजावरचे बदाम आणि नावं घासून काढतो, हाताची सालं निघतात. आता तर 12 किल्ले जागतिक वारशात गेलेत, त्यात ती जिंजीसुद्धा आहे, तरी खिळ्यानं कोरणारे कोरतातच. ज्याला दगडाची किंमत नाही त्यानं इतिहासावर बोलू नये.

मुक्ताई:
राजगडवेडा, तिथं लिहायचीच पद्धत आहे. टॅक्सीवाले स्वतः मार्कर हातात देतात. शांततेचा निरोप लिहा म्हणतात. मी लिहिलेलं नाही.

राजगडवेडा:
पद्धत आहे म्हणून बरोबर? गडावरही गाइड पोरांना म्हणतात, इथं नाव लिहा, आठवण राहील.

लगान_काठी:
दादा, गड आणि ही भिंत एकच कशी? गड आपल्याला टिकवायचाय, ही भिंत टिकावी असं कुणाच्या मनात नाही. मला राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. ज्याच्या घरातलं माणूस गेलं तो भिंतीमागे बसलाय, आणि पुढे लोक हसत फोटो काढून 'पीस' लिहून जातात. टॅक्सीवाल्यांपैकी काहींनी तो काळ तुरुंगात काढलाय, ते स्वतःच्या आयुष्यातलं सांगतात, त्यांचं मी ऐकून घेईन. पण मार्कर नको.

स्पष्टवक्ता:
यावर मी तुमच्या बाजूनं आहे. दुःखाची सहल करू नये.

राजगडवेडा:
मग मी तरी काय वेगळं म्हणतोय? लिहू नका. इथंही नको, तिथंही नको.

बोरिवली_लोकल:
उलट बोलतो. लोक आले नसते तर त्या गल्लीकडे कोण फिरकलं असतं? आमच्या गावात वेशीबाहेरची वस्ती बघायला कुणी टॅक्सी घेऊन येत नाही, आणि म्हणून वेगळी विहीर होती हे आता गावातलं कुणी कबूलच करत नाही. माझ्या आजीनं तिथं पाणी भरलंय. मार्करनं लिहा, खडूनं लिहा, पण भिंत आहे हे चारचौघांना दिसू द्या.

राजगडवेडा:
वस्तीचा मुद्दा मान्य. दगडावर लिहिण्याचा नाही.

मुक्ताई:
धागा किल्ल्यांवर गेला. मला स्पष्टवक्तांकडून उत्तर हवंय. करार झाल्यावर जन्मलेली मुलं 2021 च्या एप्रिलमध्ये भिंतीतल्या लॅनार्क वेच्या फाटकापाशी एकमेकांवर बाटल्या फेकत होती, बस जाळली. यांना कुणी शिकवलं?

स्पष्टवक्ता:
घरच्यांनी, आणखी कोण. ठीक आहे, 'म्युझियममध्ये ठेवलाय' हे सगळ्या युरोपला लागू नाही, पोस्टमध्ये तेवढा शब्द बदलतो. पण तुम्हीही एक मान्य करा. 1972 च्या जानेवारीत तिथल्याच डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी कॅथलिकांच्या मोर्च्यावर गोळ्या झाडल्या, 13 माणसं जागीच गेली आणि एक नंतर. 2010 ला ब्रिटनच्या पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून माफी मागितली. उशिरा मागितली, पण मागितली. आणि 2024 ला शिन फेनच्या, म्हणजे आयर्लंडमध्ये सामील व्हायचं म्हणणाऱ्या, मुख्यतः कॅथलिकांच्या पक्षाच्या मिशेल ओ'नील उत्तर आयर्लंडच्या फर्स्ट मिनिस्टर (मुख्यमंत्र्यांसारखं पद) झाल्या, जे राज्य त्यांची माणसं तिथं वर येऊ नयेत म्हणूनच आखलं होतं त्याच राज्यात. हे भिंतीपलीकडचं नाही दिसलं तुम्हाला.

मुक्ताई:
दिसलं. माफी मिळायला 38 वर्षं लागली हेही दिसलं, आणि त्या गोळ्यांसाठी अजून एकाही सैनिकाला शिक्षा झालेली नाही. तुम्ही शब्द बदला, मी माझी पोस्ट आहे तशीच ठेवते.