संख्याशास्त्र, अर्थशास्त्र की संगणकशास्त्र? पदवीच्या मेजर विषयाबाबत सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ :
नमस्कार. माझी भाची यंदा गणित घेऊन बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली असून अभियांत्रिकीकडे न जाता साधी पदवी घ्यायची, असे तिने ठरवले आहे. गणित तिला आवडते. महागाई-बेरोजगारीच्या बातम्याही ती मन लावून वाचते. घरच्यांचा ओढा मात्र संगणकशास्त्राकडे आहे. त्यातच नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (इतर शाखेतला ऐच्छिक विषय) असे रकाने आल्यापासून आम्हा वडीलधाऱ्यांचाच गोंधळ उडाला आहे. या तीन विषयांत नेमका फरक काय आणि कोणता मेजर घेतल्यास पुढचे कोणते मार्ग अवघड होतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आकडेमोड :
नुसत्या नावांवरून फरक कळणार नाही, म्हणून एकच गोष्ट तिन्ही बाजूंनी पाहू. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीत दरडोई मासिक खर्चाची सरासरी ग्रामीण भागात ३,७७३ रुपये आणि शहरी भागात ६,४५९ रुपये आली. २,६१,७४६ कुटुंबांना विचारून साऱ्या देशाविषयी कसे बोलता येते, गावे आणि घरे कशी निवडली आणि ३,७७३ हा आकडा किती इकडेतिकडे असू शकतो, हे संख्याशास्त्राचे प्रश्न झाले. गाव आणि शहर यांच्यातील ही तफावत कशामुळे आहे आणि ती घटवण्यात मजुरी, शेतमालाचे भाव किंवा शहरातून गावी येणारा पैसा यांचा वाटा किती, हे अर्थशास्त्र विचारते. पाहणी करणाऱ्यांनी टॅबवर भरलेली माहिती कशी साठवावी आणि चुकीची नोंद भरतानाच कशी अडवावी, याचा विचार संगणकशास्त्र करते. यांतला कोणता प्रश्न आणखी खोदावासा वाटतो, हे भाचीलाच विचारावे आणि त्या वेळी घरच्यांनी मध्ये बोलू नये.

मार्गांविषयी सांगायचे तर, भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेसाठी पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असला तरी चालते. भारतीय आर्थिक सेवेसाठी मात्र अर्थशास्त्र किंवा त्याच्या निकटच्या शाखेतील पदव्युत्तर पदवीच लागते. संख्याशास्त्राच्या पदवीधराला पुढे अर्थशास्त्राच्या एम.ए.कडे वळणे तुलनेने सोपे जाते, कारण अर्थमितीला, म्हणजे आर्थिक आकडेवारीच्या संख्याशास्त्रीय अभ्यासाला, लागणारे गणित त्याच्या हाताखालून गेलेले असते. उलट, गणित सोडून अर्थशास्त्रात बी.ए. केलेल्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळणे फार कठीण असते. त्यामुळे माझे मत मेजर संख्याशास्त्र आणि मायनर अर्थशास्त्र असे आहे. आर किंवा पायथॉन या संगणकभाषा तिला प्रात्यक्षिकांच्या निमित्ताने शिकता येईल. तेवढ्यासाठी संगणकशास्त्र मेजर घेण्याचे कारण नाही. डेटा स्ट्रक्चर (माहितीची रचना) आणि ऑपरेटिंग सिस्टीम (संगणक चालवणारी मूळ प्रणाली) यांसारख्या विषयांत तिला खरोखर गोडी असेल, तर गोष्ट वेगळी.

कृष्णाकाठ :
आपण फारच मुद्देसूद लिहिलेत, आभारी आहे. वर्षभराने तिचे मन बदलले तर मेजर बदलता येतो का? आणि चौथे वर्ष करावे का?

तासिका :
अनेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन दुसऱ्या वर्षी त्यांपैकी एक मेजर आणि एक मायनर ठरवला जातो. तेथे खरी निवड पहिल्या वर्षीच्या तीन विषयांची असते, कारण त्या तिघांबाहेरचा विषय नंतर मेजर म्हणून मिळणे अवघड असते. स्वायत्त महाविद्यालयांचे नियम वेगळे असू शकतात. चौथ्या वर्षाचा निर्णय आज घेण्याची गरज नाही, कारण तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते; मात्र संशोधनासह ऑनर्स, म्हणजे चार वर्षांची पदवी, करायची असल्यास यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे, एवढे तिच्या कानावर घालून ठेवावे.

'आकडेमोड' यांच्या सूचनेशी मी सहमत आहे, पण संख्याशास्त्र विज्ञान शाखेत आणि अर्थशास्त्र कला शाखेत असल्याने ही जोडी कागदावर मान्य असूनही वेळापत्रकात बसत नाही, असे घडू शकते. अर्थशास्त्राचा तास नेमका प्रात्यक्षिकाच्या वेळी येतो आणि मग कार्यालयातून 'दुसरा मायनर घ्या' असे सांगितले जाते. यासाठी शुल्क भरण्यापूर्वी भाचीसह स्वतः विभागात जाऊन द्वितीय आणि तृतीय वर्षाचे चालू वेळापत्रक पाहावे, संख्याशास्त्राला पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत ते विचारावे आणि गेल्या वर्षी हा विषय मेजर म्हणून किती विद्यार्थ्यांनी घेतला, याची चौकशी करावी. विद्यार्थीसंख्या फारच कमी असेल, तर तृतीय वर्षाचा वर्ग नक्की चालणार का, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.