आख्यान मुलांनी गावं, पण पूर्वरंग मोठ्यांनीच करावा का?

नगरची_आई:
चर्चच्या युवक रविवारी माझ्या सतरा वर्षांच्या लेकीने उपासनेत बायबलमधल्या जक्कयावर कीर्तन केलं. पेटीवर काळी चार, हातात घामेजलेल्या चिपळ्या. आख्यान, म्हणजे गोष्टीचा भाग, सगळ्यांना आवडलं. उंबरावर चढलेला बुटका जकातदार तिने असा उभा केला की मागच्या बाकावरची पोरं हसली. टाळ्याही पडल्या.
नाराजी झाली ती पूर्वरंगावर, म्हणजे आधीच्या शिकवणीच्या भागावर. जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं, हे सांगून तिने समोर पाहत विचारलं, "आपल्यापैकी कोणी कोणाचं काय परत केलंय?" सगळे गप्प झाले. नंतर एक ज्येष्ठ गुरुजी मला म्हणाले, "गाणं ठीक आहे, पण आम्हाला शिकवायचं तिचं वय नाही."
मला हे पटत नाही. नगर म्हणजे कृष्णराव सांगळ्यांच्या ख्रिस्ती कीर्तनाचं गाव, आणि पूर्वरंग काढला तर कीर्तनात उरतं काय? नुसती करमणूक. मुलांना उभं करायचं असेल तर पूर्ण उभं करा.

शब्बाथशाळा_शिक्षक:
ताई, मी गुरुजींच्या बाजूने आहे. पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, शिकवणाऱ्याचा न्याय अधिक कडक होईल, असं बायबलमध्ये याकोबाने उगीच लिहिलं नाही. एकोणीस वर्षांचा असताना मी पुलपीटवरून संदेश दिला आणि आजार हे पापाचं फळ आहे, असं ठासून बोललो. दुसऱ्या रांगेत एक मावशी बसल्या होत्या. त्यांचा मुलगा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. त्या उठून गेल्या नाहीत, फक्त पदर तोंडाला लावला. मला आजही तो पदर दिसतो. माणूस जन्मांध झाला तो कोणाच्या पापामुळे नाही, असं येशू सांगतो तो योहानाचा नववा अध्याय मी तोवर नीट वाचलाच नव्हता. गाण्यात बेसूर झालं तर कोणाचं काही जात नाही. शिकवण्यात चुकलं तर ते दुसऱ्याला भोगावं लागतं.

वसईकर:
आमच्याकडे मिस्सेतलं, म्हणजे कॅथलिक उपासनेतलं प्रवचन धर्मगुरू किंवा डीकनच करतात, त्यामुळे हा वाद होत नाही. पण गाणं वेगळं आणि शिकवण वेगळी, हे मलाही मान्य नाही. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, म्हणजे बायबलच्या कथा सांगणारं मराठी काव्य, १६१६ साली छापलं गेलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, त्या चर्चमध्ये म्हटल्या जायच्या. लोक ऐकता ऐकताच शिकले. माझं म्हणणं एवढंच की टाळ्या नकोत. टाळी पडली की मुलगी पुढच्या वेळी टाळीसाठीच वाक्य रचते.

पेटीवादक:
बारा वर्षांचा येशू मंदिरात शास्त्र्यांमध्ये बसला होता, हे विसरलात का?

शब्बाथशाळा_शिक्षक:
विसरलो नाही. लूक लिहितो, तो त्यांचं ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता.

पेटीवादक:
मग त्या मुलीने दुसरं काय केलं? प्रश्नच विचारला. बोचला तो उत्तर नव्हतं म्हणून. पन्नाशीच्या माणसाने हाच प्रश्न विचारला असता तर आपण घरी जाताना म्हटलं असतं, आज संदेश चांगला झाला.

नगरची_आई:
शिक्षकसाहेब, तुमच्या त्या मावशींचं वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. लेकीलाही वाचून दाखवलं. पूर्वरंग आधी कोणाला तरी दाखवायलाच हवा, हे मान्य. आम्ही तालीम घेतली ती चालींची आणि चिपळ्यांची. वही कोणी तपासली नाही, पाळकसाहेबांनीही नाही आणि मीही नाही. पण तपासणं वेगळं आणि वय दाखवून गप्प करणं वेगळं. कोणी तुझं तारुण्य तुच्छ मानू नये, असं पौलाने तरुण तीमथ्याला जे लिहिलं, ते युवक रविवारी आपणच भिंतीवर लावतो.
टाळ्यांचं वसईकरांचं म्हणणंही पटलं.
नाताळच्या आधी ती पुन्हा उभी राहणार आहे. यावेळी वही त्याच गुरुजींकडे न्यायची, असं तिनेच ठरवलंय. चूक असेल ते खोडेन म्हणते, प्रश्न मात्र काढणार नाही.